दुसऱ्याचा हात, आपला मेंदू



लहान मुलाला भरवणारी आई आपण सर्वांनी पाहिली आहे. मऊ भाताचा घास मुलाच्या ओठांजवळ नेताना ती "आ कर, आ" असे म्हणते आणि त्याच वेळी स्वतःही आ करते. घास आपल्याला घ्यावयाचा नाही हे तिला ठाऊक असते. तरी तोंड उघडतेच. जवळ आजी बसली असेल तर तिचेही उघडते, आणि आजोबांनी वर्तमानपत्र जरा खाली घेतले असेल तर त्यांच्याही जबड्यात थोडी चुळबुळ होते. डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवरची पोर एका अंगाला कलली की खाली जमिनीवर भक्कम उभी असलेली माणसे आपापला तोल सावरू लागतात. अर्थशास्त्राचा पाया घालणारा अ‍ॅडम स्मिथ ह्याने १७५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात, दोरीवरच्या नर्तकाकडे पाहताना अंग वेळावणाऱ्या जमावाची हीच गंमत नोंदवून ठेवली आहे. त्या स्कॉटिश पंडिताने जे पाहिले ते आमच्या आठवडी बाजारातही पाहावयास मिळते.

ह्यात नवल कोणते, असे कोणी विचारील. नवल असे की दोरीवरचे शरीर त्या पोरीचे आहे, आपले नव्हे. तिच्याकडून आपल्यापर्यंत येतो तो केवळ प्रकाश. तो डोळ्यांत शिरतो, आणि आपल्या पायाच्या स्नायूंना मात्र जाग येते. पूर्वी शास्त्रज्ञ असे समजत की पाहणे हे एक खाते आणि करणे हे दुसरे. डोळ्यांनी बातमी आणावयाची, बुद्धीने तिच्यावरून अनुमान काढावयाचे आणि मग हातापायांना हुकूम सोडावयाचा. धूर दिसला म्हणजे अग्नी असला पाहिजे, तसे माणसाचा हात फळाकडे गेला म्हणजे त्याला भूक लागली असली पाहिजे, असा हिशेब. हा हिशेब सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु त्याच्या आधी, त्याच्याहून फार जलद, आणखी काही घडते असे इटलीतील पार्मा ह्या गावी दिसून आले.

ज्या प्राण्यावर ते दिसून आले तो आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. मी निर्मलला शिक्षिका आहे. निर्मल पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. २०१६ पासून ते स्वतःच्याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले आहे. आमच्या भागात माकडांचा उपद्रव एवढा, की २०२० साली गावापासून जवळच चिंचोली येथे माकडांसाठी एक पुनर्वसन केंद्रच शासनाला काढावे लागले. आमच्या कौलांवरून उड्या मारणारे, पिशवीतले केळे हिसकावणारे हे माकड मॅकाक कुळातले. पार्म्याच्या प्रयोगशाळेतले माकडही त्याच कुळातले, त्याचे भाऊबंदच म्हणावयाचे.

पार्मा विद्यापीठात जाकोमो रिझोलाटी आणि त्यांचे सहकारी माकडाच्या मेंदूतील एका विशिष्ट भागाचा अभ्यास करीत होते. हा भाग कपाळामागे, हालचालींची आखणी करणाऱ्या पट्ट्यात आहे. त्याला त्यांनी एफ-५ असे नाव दिले होते. मेंदू हा चेतापेशींचा बनलेला असतो, आणि प्रत्येक पेशी कामाला लागली की विजेचा सूक्ष्म स्पंद सोडते. अत्यंत बारीक तार एका पेशीपाशी नेऊन हा स्पंद ध्वनिवर्धकातून ऐकता येतो. माकडाने शेंगदाणा चिमटीत उचलला की पेशी कडकडते. हात स्थिर असला की शांत. इथवर अपेक्षेप्रमाणेच झाले. पण संशोधकाने माकडापुढचे खाद्य उचलले, माकडाचा हात तर जागचा हललाही नव्हता, तरीही तीच पेशी कडकडली. जी पेशी 'मी उचलतो' ह्या वेळी बोलत होती, ती 'तो उचलतो' ह्या वेळीही बोलली. ही गोष्ट सांगताना एका संशोधकाच्या हातात आइस्क्रीम असल्याचे पुष्कळदा रंगवून सांगतात. मूळ निबंधात आइस्क्रीम नाही, खाद्याचे तुकडेच आहेत. शोधाला अशी मिठाई लावल्यावाचून आपल्याला तो गोड लागत नाही, त्याला इलाज नाही.

पहिला वृत्तांत १९९२ साली छापून आला. १९९६ सालच्या सविस्तर निबंधात दोन माकडांच्या मेंदूंतील ५३२ पेशींची नोंद होती आणि त्यांपैकी ९२ पेशी अशा दुहेरी स्वभावाच्या होत्या, म्हणजे साधारण सहांत एक. त्यांना मिरर न्यूरॉन असे नाव पडले. आपण त्यांना आरसापेशी म्हणू.

ह्या पेशींचे वागणे मोठे चोखंदळ असते. समोर वस्तू नसताना माणसाने नुसत्या हाताने उचलण्याची नक्कल केली, तर माकडाच्या बहुतेक आरसापेशी गप्पच राहतात. उलट, पडद्यामागे वस्तू आहे हे माकडाने आधी पाहिले असेल आणि मग हात पडद्याआड गेला, तर उचलण्याची क्रिया दिसत नसतानाही ह्यांतील पुष्कळ पेशी बोलतात. हे २००१ सालचे काम. पुढच्याच वर्षी असे आढळले की शेंगदाण्याचे टरफल फोडल्याचा किंवा कागद फाडल्याचा नुसता आवाज ऐकूनही काही पेशी जाग्या होतात. २००५ साली तर त्याहून पुढची गोष्ट दिसली. खाण्यासाठी उचललेला तुकडा आणि डब्यात टाकण्यासाठी उचललेला तुकडा, दोन्हीत चिमूट सारखीच. पण काही पेशी एकीलाच प्रतिसाद देत होत्या, दुसरीला नाही. म्हणजे आता हे चालले आहे त्याच्या पुढचे पाऊल कोणते, ह्याचाही थोडासा सुगावा ह्या पेशींना लागतो असे म्हणावयास हरकत नाही.

माणसाच्या मेंदूत अशी तार केवळ कुतूहलापोटी घालता येत नाही, घालूही नये. अपस्माराच्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी झटक्याचे मूळ शोधण्यासाठी तशा तारा घालाव्या लागतात. कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस येथे अशा २१ रुग्णांनी संमती दिली, आणि २०१० साली त्यांच्या १,१७७ पेशींची पाहणी प्रसिद्ध झाली. काही पेशी स्वतः करताना आणि दुसऱ्याचे पाहताना, दोन्ही वेळा जाग्या होत होत्या. त्यांतही एक मौजेची गोष्ट होती. काही पेशी स्वतः करताना जोरात बोलत आणि दुसऱ्याचे पाहताना उलट दबून जात. 'हा हात माझा नव्हे' ही जाणीव शाबूत राहण्यास कदाचित त्यांचीच मदत होत असेल. नाहीतर भरवणाऱ्या आईने घास स्वतःच खाल्ला असता.

ह्या शोधाचे पुढे जे झाले ते आपल्या काळाला साजेसेच झाले. तामिळनाडूत जन्मलेले आणि अमेरिकेत नाव मिळवलेले मेंदुशास्त्रज्ञ विलायनूर रामचंद्रन ह्यांनी २००० साली असे भाकीत केले की डीएनएने जीवशास्त्राचे जे केले तेच ह्या पेशी मानसशास्त्राचे करतील. मग काय विचारता! भाषा कशी जन्मली, संस्कृती कशी पसरली, दया कोठून येते, सिनेमा पाहून रडू का येते, साऱ्यांचे उत्तर आरसापेशी. वर्तमानपत्रांनी त्यांना सहानुभूतीच्या पेशी ठरवले, व्यवस्थापनाच्या शिबिरांतून त्यांच्यावर व्याख्याने होऊ लागली. माकडाच्या चिमटीवर एवढी मोठी इमारत उभी राहिलेली पाहून अमेरिकेतील ग्रेगरी हिकॉक ह्यांनी २०१४ साली ह्या पेशींभोवतीच्या दंतकथेवरच एक पुस्तक लिहिले. त्यांचा एक मुद्दा साधा आणि बिनतोड आहे: जी क्रिया आपल्याला करता येत नाही ती आपल्याला समजतच नाही असे नाही. पक्षी उडतो हे पंख नसलेल्या माणसालाही कळते.

कळते खरे, परंतु कळण्या-कळण्यात फरक असतो, आणि तो फरक पाहावयाचा तर निर्मलसारखी दुसरी जागा नाही.

निर्मलची लाकडी खेळणी आणि चित्रे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असतील. भौगोलिक निर्देशांक मिळालेला हा कसब पिढ्यान् पिढ्या नक्काश मंडळींच्या घराण्यांतून चालत आला आहे. पोणिकी नावाच्या झाडाचे लाकूड वजनाला हलके आणि इतके मऊ की हत्यार त्यात सहज चालते. फळे, पक्षी, हरणे, हत्ती घडवावयाचे; वेगवेगळे भाग चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा ह्यांच्या लगद्याने सांधावयाचे; घासून गुळगुळीत करून मग रंग द्यावयाचे. मी दरवर्षी वर्गातील मुलांना एखाद्या कारखान्यात घेऊन जाते. कारखाना म्हणजे यंत्रांचा नव्हे. ओसरीवर चटया, चटयांवर माणसे आणि माणसांभोवती ढलप्या.

मुले तेथे खेळणे पाहतात. मी म्हाताऱ्या कारागिराला पाहते. शिकाऊ पोरगा हरणाचा पाय तासत असतो आणि म्हातारा त्या पायाकडे पाहत नाही. तो पोराच्या मनगटाकडे पाहतो. ढलपी अजून उडालेली नसते, पटाशी नुसती जरा जास्त उभी झालेली असते, तोच म्हाताऱ्याच्या मांडीवरचा हात आक्रसतो. मग ढलपी उडते, पाय तुटतो, पोरगा चमकून वर पाहतो. माझ्या तीस विद्यार्थ्यांनीही तेच मनगट पाहिले. त्यांच्या हातांना काहीच कळले नाही. माझ्याही नाही. पटाशी चालली आहे हे आम्हा सर्वांना समजले होते. ती कोठे चुकणार हे एकट्या म्हाताऱ्याच्या हाताला समजले.

ही केवळ माझी कल्पना नव्हे. २००५ साली लंडनमध्ये एक प्रयोग झाला. बॅले नाचणारे, कापोएरा हा ब्राझीलचा झुंजनाच करणारे आणि नाचाशी संबंध नसलेले, अशा तीन गटांना दोन्ही नाचांच्या चित्रफिती दाखवून त्यांच्या मेंदूचे आलेख घेतले. बॅलेवाल्यांच्या मेंदूतील हालचालीचे भाग बॅले पाहताना अधिक चेतले, कापोएरावाल्यांचे कापोएरा पाहताना. तेव्हा शंका निघाली, की हा सरावाचा परिणाम नसून परिचयाचा असेल. जो नाच रोज पाहतो तो अधिक ओळखीचा. ही शंका फेडण्यासाठी पुढच्या वर्षी त्यांनी फार युक्तीचा प्रयोग केला. बॅलेत काही हालचाली केवळ पुरुषांच्या असतात, काही केवळ स्त्रियांच्या. पण तालीम एकत्र असल्याने दोघांनाही दोन्ही रोज दिसतात. तरीसुद्धा मेंदूतले हालचालीचे काही भाग, स्वतःचे शरीर जे करते ते पाहतानाच अधिक जागे झाले. वर्षानुवर्षे नुसते पाहिल्याने जे आले नाही ते केल्याने आले होते.

सांगण्याचे कारण असे की अलीकडे आमची मुले खेळणी घडवण्याच्या चित्रफिती मोबाइलवर पाहतात आणि "बाई, हे मला येते" असे खुशाल सांगतात. ही लबाडी नव्हे. २०१८ साली अमेरिकेत काही लोकांना मेजावरची भांडी न हलवता खालचे कापड झटक्यात ओढून काढण्याची चित्रफीत दाखवली. कोणाला एकदा, कोणाला वीस वेळा. वीस वेळा पाहणाऱ्यांना ते आपल्यालाही जमेल असा भरवसा पुष्कळ अधिक वाटला. लक्ष्यावर बाण फेकण्यासारख्या कसबांत त्याच रीतीने प्रत्यक्ष परीक्षा घेतली, तेव्हा भरवसा वाढला होता, कसब मात्र होते तेवढेच होते. कारखान्यातला म्हातारा ह्यावर व्याख्यान देत नाही. तो पोराच्या मागे जाऊन बसतो, त्याचा हात आपल्या हातात धरतो आणि पटाशी चालवतो. आमच्याजवळ गोदावरीकाठी बासरच्या सरस्वतीच्या देवळात दूरदुरून लोक मुलांना पहिले अक्षर गिरवण्यासाठी आणतात; तेथेही मुलाचा हात धरूनच अक्षर काढवतात. फळ्यावर लिहून दाखवले म्हणजे शिकवून झाले असे मानणाऱ्या आम्हा शिक्षकांनी हे दोन हात नीट पाहावयास हवेत.

आता ह्या आरसापेशी जन्मतःच मिळतात की घडाव्या लागतात, हा वाद अजून मिटलेला नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळापुढे जीभ बाहेर काढली तर तेही काढते, असे १९७७ साली प्रसिद्ध झाले आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. २०१६ साली ऑस्ट्रेलियात शंभराहून अधिक बाळे निरनिराळ्या आठवड्यांत पुन्हा पुन्हा तपासली, तेव्हा अशा अनुकरणाचा पुरावा मिळाला नाही. इंग्लंडमधील सेसिलिया हेज ह्या विदुषींचे म्हणणे असे, की आरसा उपजत नसतो. करणे आणि पाहणे ह्यांची गाठ वारंवार पडत गेली म्हणजे तो तयार होतो. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ही गाठ उलटी बांधून दाखवली. समोरच्या हाताची तर्जनी हलली की आपली करंगळी हलवावयाची, करंगळी हलली की तर्जनी, असा सराव लोकांना दिला. सरावानंतर तर्जनी हलताना नुसती पाहिली तरी करंगळीच्या स्नायूला जाग येऊ लागली! थोड्याशा सरावाने आरसा असा उलटतो, तर मूळचा सुलटा आरसाही सरावानेच घडला असेल, हे पटण्यासारखे आहे. त्या दृष्टीने पाहिले तर भरवणारी आई नुसती आ करीत नाही. मूल हसले की ती हसते, त्याने ओठ काढले की ती ओठ काढते, त्याने टाळी वाजवली की ती टाळी वाजवते. दिवसातून कितीदा तरी ती बाळाच्या हालचालीला तिचे प्रतिबिंब जोडून देत असते.

काश्मीरच्या अभिनवगुप्ताने सुमारे हजार वर्षांपूर्वी 'सहृदय' रसिकाचे वर्णन करताना मनाला आरशाचीच उपमा दिली आहे, आणि तो आरसा काव्याच्या सततच्या अभ्यासाने स्वच्छ झालेला असतो असे म्हटले आहे. लगेच "हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते" अशी टाळी कोणी वाजवू नये. त्यांना पेशी ठाऊक नव्हती. पण आरसा आयता मिळत नाही, तो घासावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते, आणि ते काही लहान ओळखणे नव्हे.

येथवर आरशाचे गुण सांगितले. त्याची मर्यादा अधिक महत्त्वाची आहे, कारण तिच्यापायी माणसांचे खरोखर नुकसान होते.

आरसा हालचाल दाखवतो. फार तर तिचे लगतचे पाऊल दाखवतो. हेतू, समजूत, श्रद्धा, भीती ह्या गोष्टी हालचालीत नसतात. पटाशी मनगटाच्या एकाच वळणाने हरीण घडवण्यासाठी चालते आणि रागाच्या भरात शेजाऱ्याचे हरीण बिघडवण्यासाठीही चालते. आमच्या वर्गात तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी अशा चार भाषांची मुले बसतात. भैंसा-मुधोळकडची मराठी, पाड्यांवरची गोंडी. प्रश्न विचारला की पाड्यावरची एखादी मुलगी मान खाली घालते आणि डोळे जमिनीला लावते. तीन शिक्षक तिच्याकडे पाहतात. एकाला ती उद्धट दिसते, दुसऱ्याला लाजरी, तिसऱ्याला मंद. आरसा तिघांनाही एकच दाखवतो: मान झुकली, पापण्या उतरल्या. बाकीचे ज्याने त्याने आपल्या पदरचे घातलेले असते. अशाच एका मुलीने पुढे ओळख झाल्यावर मला सांगितले, की मोठ्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालू नयेत असे तिच्या आजीने बजावले होते. प्रश्नाचे उत्तर तिला येत होते.

दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळे काही असू शकते, हे कळण्यासाठी मेंदूला निराळीच सोय करावी लागते. १९८३ साली ऑस्ट्रियात हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर ह्यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. एक मुलगा आपले चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. मागाहून आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. मुलगा परत आल्यावर कोठे शोधील? तीन वर्षांचे मूल दुसऱ्या कपाटाकडे बोट दाखवते, कारण चॉकलेट तेथे आहे हे त्याला स्वतःला माहीत असते. चार-पाच वर्षांची पुष्कळ मुले पहिले कपाट दाखवू लागतात. आपल्याला माहीत आहे ते त्याला माहीत नाही, हे त्यांना कळू लागलेले असते. ह्या प्रकारच्या विचाराच्या वेळी माणसाच्या मेंदूचा उजव्या कानाच्या वर, थोडा मागे असलेला एक भाग विशेष कामाला लागतो, असे रिबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर ह्यांनी २००३ साली दाखवले. तो भाग आरसापेशींच्या जागेहून वेगळा आहे. तेव्हा दुसऱ्याला समजून घेणे हे एका पेशीचे किंवा एका जागेचे काम नव्हे. आणि जो 'मी माणूस चेहऱ्यावरून वाचतो' असे म्हणतो, तो पुष्कळदा स्वतःचाच चेहरा वाचीत असतो.

ह्या गोंधळाची सर्वांत मोठी झळ स्वमग्न मुलांना लागली. स्वमग्न मूल डोळ्याला डोळा देत नाही, इतरांची नक्कल सहसा करीत नाही. त्यावरून काही शास्त्रज्ञांनी असा तर्क मांडला की त्याच्या आरसापेशीच बिघडलेल्या असाव्यात. २००६ साली एका प्रसिद्ध अमेरिकन विज्ञान-मासिकात 'फुटके आरसे' अशा अर्थाच्या मथळ्याखाली लेख आला आणि ते शब्द जगभर गेले. तर्क म्हणून त्यात गैर काही नव्हते. शास्त्र तर्कानेच पुढे जाते. परंतु २०१० साली स्वमग्न प्रौढांच्या मेंदूत हाताच्या हालचाली पाहताना आणि करताना मिळणारा प्रतिसाद इतरांसारखाच आढळला. २०१३ साली अँटोनिया हॅमिल्टन ह्यांनी तोवरच्या सर्व प्रयोगांचा आढावा घेऊन आरसे फुटल्याला भक्कम आधार नाही असाच निष्कर्ष काढला. त्याआधी २०१२ साली डेमियन मिल्टन ह्या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकांनी प्रश्नच फिरवून विचारला होता: आम्हाला तुम्ही कळत नाही म्हणता, पण तुम्हाला तरी आम्ही कोठे कळतो? न कळणे हे दोन्ही बाजूंचे आहे. पुढे २०२० साली स्कॉटलंडमधील संशोधकांनी कानगोष्टीच्या खेळासारखा प्रयोग केला. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगावयाची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सर्वच्या सर्व स्वमग्न माणसे असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली.

प्रयोग प्रसिद्ध होतात, पण मथळा आधीच घरोघर पोहोचलेला असतो. मागल्या वर्षी परीक्षा संपल्यावर एक आई मला भेटावयास आली. मूळची धर्माबादकडची. तिच्या हातात कोणीतरी दिलेला छापील कागद होता, चार घड्या घातलेला. "बाई," ती म्हणाली, "ह्याच्या डोक्यातले आरसे फुटलेत म्हणे. त्याला माझी माया कळत नाही म्हणतात." मुलगा दाराशी उभा राहून कडी वरखाली करीत होता. मी विचारले, "तुम्ही आजारी पडता तेव्हा हा काय करतो?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्या पायाशी येऊन बसतो. बोलत नाही, बघत नाही. उठतही नाही."

मी आता आपल्याला सांगितले ते सारे तिला जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितले. माकड सांगितले, म्हातारा कारागीर सांगितला, कानगोष्टीचा खेळ सांगितला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे आणि शाळेचे दार अशा मुलाला बंद करता येत नाही, हेही सांगितले. तिने सर्व ऐकून घेतले, कागदाची पाचवी घडी घातली आणि विचारले, "म्हणजे जूनमध्ये ह्याला वर्गात बसवाल ना?"

तो आता माझ्या वर्गात आहे. खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर बसतो. पंखा कुरकुरू लागला की कानांवर हात ठेवतो. म्हणून पंख्याला तेल घालून घेतले आहे.